सुफळ संपूर्णचा हट्ट

वर्तकनगरच्या हाऊसिंग बोर्डाच्या वसाहतीत आणि तिच्या आसपास राहणारी आम्ही आठ-दहा कॅथलिक कुटुंबे महिन्यातून एका शनिवारी कोणा एकाच्या घरी जमतो. जपमाळेची प्रार्थना होते, चहा होतो आणि मग वाढत्या वयाच्या मुलांसह सर्वजण मिळून एखादा चित्रपट पाहतो. मुलांनी एकेकट्याने मोबाइलवर काहीही पाहण्यापेक्षा आईवडिलांच्या शेजारी बसून काही चांगले पाहावे, एवढाच या उपक्रमाचा हेतू. तो आजवर बिनबोभाट चालला होता. मागच्या खेपेस मात्र 'उंबरठा' पाहून झाला आणि वादाला तोंड फुटले.

जब्बार पटेल यांचा हा १९८२ सालचा चित्रपट शांता निसळ यांच्या 'बेघर' या कादंबरीवर आधारलेला आहे. स्मिता पाटील यांची सुलभा महाजन सुखवस्तू घर सोडून महिलांच्या सुधारगृहाची अधीक्षक म्हणून जाते, तेथील अनाचाराशी झगडते, थकून घरी परतते, तो पतीचे दुसऱ्या स्त्रीशी संबंध जुळलेले असतात. ती पुन्हा बाहेर पडते. आगगाडी धावू लागते आणि चित्रपट संपतो. आमच्या खोलीत दिवे लागले तेव्हा क्षणभर कोणीच बोलले नाही. मग एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, "याला काय शेवट म्हणायचा? संसार मोडला, बाई गाडीत बसली, आणि आपण पोरांना हे दाखवायचं?" त्यांना लगोलग दुजोरा मिळाला. यापुढे एका वडीलधाऱ्या माणसाने चित्रपट आधी पाहावा आणि ज्याचा शेवट चांगला असेल तोच लावावा, असे जवळजवळ ठरूनही गेले.

तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेल्या एक मावशी बोलल्या. त्या सहसा बोलत नाहीत. पुष्कळ वर्षांपूर्वी त्यांच्या यजमानांची गिरणीतली नोकरी गेली. काही महिने ते घरात बसून राहिले आणि एका सकाळी बाहेर पडले, ते आजतागायत परतले नाहीत. मावशींनी लोकांचे डबे करून तीन मुले वाढवली. त्या एवढेच म्हणाल्या, "आमच्या घरातल्या गोष्टीला तर शेवटच नाही. म्हणजे ती कुणाला सांगण्यासारखी नाही, असंच ना?"

त्यांना कोणी उत्तर दिले नाही. आम्हीही दिले नाही. त्या वेळी गप्प राहिल्याची टोचणी मनाला लागून राहिली, म्हणूनच हा लेखनप्रपंच.

प्रथम विरोधी पक्षाचे जे योग्य आहे ते मान्य करू. निराशा खोटी नसते. तीन तास ज्या माणसांबरोबर हसलो-रडलो, त्यांचे शेवटी भले व्हावे असे वाटणे हा मनुष्यस्वभाव आहे. आपल्या व्रतकथांतील कहाण्या पाचां उत्तरी सुफळ संपूर्ण होतात. आजीच्या गोष्टीतला राजा शेवटी घरी परततो. दिवसभर लोकलच्या गर्दीत चेंगरून, ठाणे स्थानकावर रिक्षाच्या रांगेत तिष्ठून घरी आलेल्या माणसाने पडद्यावर तरी थोडा दिलासा मागितला, तर त्याला नावे ठेवणारे आम्ही कोण? परंतु आजी जी गोष्ट सांगते ती नातवाला झोप यावी म्हणून. आम्ही आमच्या मुलांना जे दाखवू पाहतो, ते त्यांनी जागे व्हावे म्हणून. हे दोन हेतू एकाच मापाने मोजता येत नाहीत.

आमच्या मते सारा घोटाळा एका गैरसमजातून झाला आहे. दुःखद शेवट म्हणजे निराशाजनक शेवट, असे आपण धरून चालतो. वस्तुतः निराशा करतो तो खोटा शेवट; मग तो गोड असो वा कडू. कथेने स्वतःच्या पायांनी जेथे पोहोचायचे, तेथे तिला न जाऊ देता कोणीतरी भीतीपोटी वा लोभापोटी तिचे बकोट धरून दुसरीकडे नेतो, तेव्हा प्रेक्षकाची खरी फसवणूक होते.

उदाहरण घराघरांत ठाऊक असलेलेच घेऊ. १५ ऑगस्ट १९७५ रोजी 'शोले' प्रदर्शित झाला. दोन्ही हात गमावलेला ठाकूर गब्बरसिंगला खिळे ठोकलेल्या पादत्राणांनी ठार मारतो, असा शेवट रमेश सिप्पी यांनी चित्रित केला होता. आणीबाणीचे ते दिवस. माजी पोलीस अधिकारी कायदा हाती घेतो हे सेन्सॉर मंडळाला चालले नाही. शेवट बदलून घेण्यात आला आणि ऐन वेळी पोलीस येऊन गब्बरला ताब्यात घेतात असे आपण वर्षानुवर्षे पाहत आलो. मूळ शेवटासह सिद्ध केलेली प्रत जून २०२५ मध्ये इटलीतील बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली गेली, तेव्हा मध्ये पन्नास वर्षे लोटली होती. सूडाचे समर्थन आम्ही करीत नाही. प्रभूचे नाव घेणाऱ्याला ते करताही येणार नाही. पण सूड माणसाला कोठे नेऊन सोडतो हे पाहण्याची संधी त्या बदललेल्या शेवटाने हिरावून घेतली. ज्या दिवसांत खऱ्या नागरिकांना विनाचौकशी तुरुंगात डांबले जात होते, त्याच दिवसांत पडद्यावर कायदा अगदी वेळेवर हजर होत होता. शेवट 'चांगला' झाला खरा, पण तो कोणासाठी?

मराठीतील मानाच्या चित्रपटांनाही ही परीक्षा चुकवता येणार नाही. व्ही. शांताराम यांचा 'कुंकू' १९३७ साली आला. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावले गेलेली नीरा त्या विवाहाला मान तुकवीत नाही. शांता आपटे यांची ती नीरा आजही अंगावर काटा आणते. शेवटी वृद्ध पतीला आपला अन्याय उमगतो. तिने पुनर्विवाह करावा अशी इच्छा लिहून ठेवून तो आत्महत्या करतो. नीरा मोकळी झाली. पण तिला मोकळी कोणी केली? समाजाने केली नाही, कायद्याने केली नाही. एका पश्चात्तापदग्ध माणसाच्या मृत्यूने केली. ज्या प्रश्नाचे उत्तर प्रेक्षकांनी स्वतःच्या घरात शोधायचे, ते पडद्यावर परस्पर मिटले आणि प्रेक्षक हलक्या मनाने घरी गेले. 'कुंकू'चे थोरपण आम्ही नाकारत नाही, पण त्याचा शेवट त्याच्या नायिकेइतका धीट नाही, हे सांगण्यास आम्हांला संकोच वाटत नाही.

तिसरा प्रकार याहून घातक, आणि येथे आमच्या ज्येष्ठ मित्रांची चिंता आम्हांला पूर्णपणे पटते. १९८१ च्या 'एक दूजे के लिए' मध्ये वासू आणि सपना कड्यावरून समुद्रात झेप घेतात. सुंदर समुद्र, सुंदर संगीत, सुंदर मरण! १९८८ च्या 'कयामत से कयामत तक' मध्येही मावळत्या सूर्याच्या साक्षीने प्रेमिकांचे देह शेजारी शेजारी पडलेले दिसतात. कोवळ्या वयाच्या मुलामुलींना मरण हा प्रेमाचा विजय वाटावा, अशी ही सजावट आहे. मरणाला कुरूपता असते, मागे राहिलेल्या आईला वर्षानुवर्षे झोप लागत नसते. त्यातले काही त्या चौकटीत दिसत नाही. अशा शेवटाला आमचा विरोध आहे. पण तो कडू आहे म्हणून नव्हे. तो कडूपणाला साखरेचा पाक चढवतो, म्हणून.

आता थोडे आपल्याच घरात डोकावू. चित्रपटाचा शेवट नीतीला धरून असावा, हा आग्रह जगात सर्वांत संघटितपणे कोणी धरला असेल, तर तो आपणा कॅथलिकांनीच. हॉलीवूडच्या निर्मात्यांनी १९३० साली जी आचारसंहिता स्वीकारली, तिचा मसुदा फादर डॅनिअल लॉर्ड हे येशूसंघीय धर्मगुरू आणि मार्टिन क्विग्ली हे कॅथलिक प्रकाशक यांनी तयार केला होता. १९३४ पासून जोसेफ ब्रीन या कॅथलिक अधिकाऱ्याच्या कचेरीने तिची कठोर अंमलबजावणी केली. प्रेक्षकांची सहानुभूती गुन्ह्याच्या बाजूला झुकू नये, दुष्कृत्याचे फळ मिळालेले दिसावे, हे तिचे सूत्र. त्याच सुमारास अमेरिकेतील बिशपांच्या पुढाकाराने सभ्यतेसाठी मोठी चळवळ उभी राहिली आणि १९३६ मध्ये पोप अकरावे पायस यांनी 'विजिलांती कूरा' या परिपत्रकातून तिची प्रशंसा केली. हेतू प्रामाणिक होता. त्या काळच्या बाजारू चित्रपटांना आळा बसणे गरजेचेही होते.

पण परिणाम काय झाला? शेवटच्या दहा मिनिटांत खलनायकाला गोळी लागली की आधीच्या दीड तासात काहीही दाखवून चालते, असा सोयीस्कर हिशेब निर्मात्यांनी मांडला. शेवट ही नीतीची पावती झाली. आणि जो चित्रपट खरोखर नैतिक होता, त्याच्यावर मात्र बडगा पडला.

व्हित्तोरियो दे सिका यांचा 'बायसिकल थीव्ज' हा १९४८ सालचा इटालियन चित्रपट पाहा. युद्धानंतरचे रोम. महिनोन्महिने बेकार असलेल्या एका बापाला भिंतीवर जाहिराती चिकटवण्याचे काम मिळते, पण त्यासाठी सायकल हवी. घरातल्या चादरी गहाण टाकून सायकल सोडवून आणली जाते आणि पहिल्याच दिवशी ती चोरीला जाते. बाप आणि त्याचा लहानगा मुलगा शहरभर ती शोधतात. सायकल सापडत नाही. अखेरीस बाप स्वतःच एक सायकल चोरू पाहतो, पकडला जातो, मुलादेखत अपमानित होतो. मालक त्याला सोडून देतो. मुलगा बापाचा हात धरतो आणि दोघे गर्दीत मिसळून जातात. संपले. नोकरीचे काय, उद्याच्या भाकरीचे काय, काही सांगितलेले नाही. ब्रीन यांच्या कचेरीने या चित्रपटातील दोन दृश्ये कापण्याची अट घातली. दे सिका यांनी नकार दिला आणि चित्रपट मान्यतेच्या शिक्क्याविनाच अमेरिकेत दाखवला गेला. पुढे १९९५ साली चित्रपटाच्या जन्मशताब्दीनिमित्त व्हॅटिकनने पंचेचाळीस उल्लेखनीय चित्रपटांची यादी जाहीर केली. तिच्या 'मूल्ये' या विभागात 'गांधी'च्या पंक्तीला 'बायसिकल थीव्ज' मानाने बसला आहे!

वाचकहो, या घटनाक्रमातून काय बोध घ्यायचा? एका पिढीतील सज्जनांनी जो चित्रपट शिक्का देण्यालायक मानला नाही, तो पुढल्या पिढीत आपल्याच धर्मसभेने मूल्यांचा वस्तुपाठ म्हणून पुढे ठेवला. चित्रपट बदलला नव्हता, पाहणारी दृष्टी बदलली होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी प्रसृत केलेल्या 'इंतेर मिरिफिका' या दस्तऐवजातच ही दृष्टी सापडते. दुष्टतेचे चित्रण नैतिक संयमाने केलेले असेल तर ते माणसाला माणूस अधिक खोलवर कळण्यास साहाय्यभूत होऊ शकते, असा त्यातील एका परिच्छेदाचा आशय आहे. आम्ही काही वेगळे मागत नाही.

या चित्रपटाचे बीज आपल्या मातीतही पडले. १९५२ च्या मुंबईतील पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात बिमल रॉय यांनी तो पाहिला आणि दुसऱ्याच वर्षी 'दो बिघा जमीन' आला. जमीन वाचवण्यासाठी कोलकात्यात रिक्षा ओढणारा शंभू गावी परततो, तो त्याच्या शेतावर कारखाना उभा राहत असतो. तो मूठभर माती उचलतो. रखवालदार तीही टाकायला लावतो. पोखरण रस्त्यावर, वागळे इस्टेटीत ज्यांनी कारखान्यांचे भोंगे बंद होताना ऐकले आणि त्याच जागांवर उंच इमारती चढताना पाहिल्या, त्या आमच्या वर्तकनगरच्या कुटुंबांना त्या मुठीतल्या मातीचा अर्थ कोणी समजावून सांगायला हवा काय? शंभूला शेवटी जमीन परत मिळाली असती तर आमच्यापैकी किती जणांना तो चित्रपट आपला वाटला असता?

'सैराट'विषयी बोलल्याविना हा विषय पुरा होत नाही. नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट २९ एप्रिल २०१६ रोजी आला. त्यातील गाण्यांवर आपली मुले लग्नसमारंभात नाचली आणि आपणही टाळ्या वाजवल्या. मग तो शेवट: माहेरची माणसे भेटी घेऊन येतात, चहा होतो, आणि नंतर आवाज नसलेल्या पडद्यावर एका तान्हुल्याची रक्ताने माखलेली पावले उमटतात. "गाणी किती छान, शेवट तेवढा नको होता," हे वाक्य त्या दिवसांत आम्ही किती घरांत ऐकले! नको होता, हे खरेच. पण चित्रपट येण्याच्या दोन वर्षे आधी, एप्रिल २०१४ मध्ये, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील खर्डा गावी एका दलित शाळकरी मुलाची, वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो या संशयावरून, हत्या झाली. अनेक साक्षीदार फितूर झाले आणि २०१७ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. तो शेवट कोणत्या दिग्दर्शकाने लिहिला होता?

२०१८ मध्ये त्याच कथेवर हिंदीत 'धडक' निघाला. तेथे पती आणि मूल मरतात, पत्नी जगते. दुःख तेथेही आहे. परंतु जातीचा संदर्भ पुसट झाल्याने ते दुःख अधांतरी लोंबकळते. हे कशामुळे घडले, हा प्रश्न प्रेक्षकाला चावत नाही. मूल जिवंत ठेवून 'सैराट'ने आपल्याला विचारले होते की, याला आता तुम्ही कोणत्या जगात वाढवणार? 'धडक' रडवतो आणि मोकळे करतो. निराशा करणारा शेवट आमच्या लेखी हा.

आणि हा प्रश्न आपला नाही, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. एकाच वेदीभोवती उभे राहणारे, एकाच प्याल्यात सहभागी होणारे आपण सोयरीक जुळवताना 'मूळचे कुठले?' असे विचारतो, तेव्हा नेमके काय विचारत असतो? ईस्ट इंडियन, गोव्याकडचे, मंगळुरी, मराठवाड्यातून आलेले, अशा अदृश्य रेघा आपल्या धर्मग्रामात ओढलेल्या नाहीत काय? आपल्याकडे तलवार निघत नाही, हे देवाचे उपकार. पण घराचे दार बंद होते, आईचा फोन बंद होतो, नातवाच्या बाप्तिस्म्याला आजी-आजोबा येत नाहीत. 'सैराट'चा शेवट आपल्याला नकोसा होतो, त्यामागे त्या तान्हुल्याविषयीची कणव असेलच. पण आरशाची भीतीही आहे.

काही शेवट तर रडवतही नाहीत, नुसते हुरहूर लावतात. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये वृद्ध लोकशाहिराचा खटला लोंबकळत राहतो, न्यायालयाला उन्हाळी सुटी लागते आणि न्यायाधीश कुटुंबासह सहलीला जातात. बाकावर डुलकी घेत असता मुले ओरडून त्यांना जागे करतात. ते एका मुलाला चापट मारतात आणि पुन्हा डोळे मिटतात. २०१५ मध्ये हा चित्रपट पाहून बाहेर पडताना "अहो, निकाल काय लागला?" असे विचारणारे प्रेक्षक आम्ही पाहिले. ज्यांच्या जागेचा वा वारशाचा दावा वीस-वीस वर्षे पडून आहे, त्यांना मात्र तो प्रश्न पडला नाही.

यावर एक आक्षेप राहतो. श्रद्धावंताने आशा द्यावी, अंधार का दाखवावा? आक्षेप मोलाचा आहे. पण आशा आणि गोड शेवट या एकच गोष्टी नव्हेत. उधळ्या पुत्राचा दाखला आठवा. धाकटा परत आला, मेजवानी सुरू झाली. आपण तेथेच थांबतो. प्रभू तेथे थांबत नाही. रुसलेला थोरला भाऊ अंगणात उभा आहे, बाप त्याची मनधरणी करीत आहे, आणि दाखला संपतो! थोरला आत गेला की नाही, हे संत लूक सांगत नाही. कारण तो निर्णय ऐकणाऱ्याने घ्यायचा आहे. त्या दाखल्याला 'मग सर्वांनी मिळून जेवण केले' असे शेपूट जोडण्याचे धाडस आजवर कोणी केले नाही. मग चित्रपटाकडेच तो हट्ट का? गुड फ्रायडेच्या उपासनेला न येता थेट ईस्टरच्या मेजवानीला हजर होणाऱ्या माणसाला आपण काय म्हणतो, हे येथे लिहिण्याची गरज नाही.

तेव्हा आमचे म्हणणे स्पष्ट आहे. कोणता चित्रपट कोणत्या वयाला दाखवावा, याचा विचार जरूर व्हावा. हिंसेचा आणि वासनेचा बाजार मांडणारे चित्रपट घराबाहेरच राहावेत. परंतु 'शेवट चांगला' ही कसोटी आम्हांला मान्य नाही. तिच्याऐवजी आम्ही दोन साधे प्रश्न सुचवतो: हा शेवट कथेतून आला आहे की भीतीतून? आणि तो पाहून उठताना आपल्याला कोणा माणसाची आठवण होते काय? शिवाय आणखी एक रिवाज पाडावा. चित्रपट संपताच दिवे लावून खुर्च्या आवरू नयेत. अर्धा तास बसावे आणि प्रथम मुलांना बोलू द्यावे. मुले शेवटाला भीत नाहीत. आपल्या आईवडिलांना त्याविषयी बोलायला आवडत नाही, याला ती भितात.

पुढील शनिवारची पाळी आमच्या घरी आहे. आम्ही 'बायसिकल थीव्ज' लावणार आहोत. ज्येष्ठ मित्रांना आग्रहाचे निमंत्रण आहे. त्यांचा विरोध त्यांनी चित्रपटानंतर मनमोकळेपणे मांडावा, आम्ही ऐकून घेऊ. मावशींकडे आम्ही मुद्दाम जाऊन आलो आणि मागच्या वेळच्या मौनाबद्दल त्यांची क्षमा मागितली. त्या येतो म्हणाल्या. चित्रपट कसा आहे, असे त्यांनी विचारले, तेव्हा आम्ही म्हणालो, "सायकल सापडत नाही, मावशी."

"मग पोराचं काय होतं?" त्यांनी विचारले.

"तो बापाचा हात धरतो."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "येते मी."